उरलेली जागा

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात बांधकामाच्या पहिल्याच दिवशी जेसीबी आला. दुपारपर्यंत त्यानं वरची फूटभर काळी माती खरवडून प्लॉटच्या कोपऱ्यात लोटली. त्या मातीत गवताची मुळं होती, गांडुळं होती, कित्येक पावसाळ्यांचा कुजलेला पाला होता. संध्याकाळी तिच्यावर पायाच्या खोदाईतला मुरूम पडला, मग डबर, मग सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. अडीच वर्षांनी इमारत उभी राहिली, बागेचं काम निघालं आणि मुळशीकडून ब्रासच्या भावानं लाल माती मागवली गेली. जागेवरची माती गाडून टाकायची आणि दुसऱ्या कुठल्या तरी डोंगराच्या पायथ्याची माती डिझेल जाळत आणायची. लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून मी त्या कामावर होते, पण मला बोलावणं आलं ते लाल मातीच्या वेळी. मुरूम पडला तेव्हा मी तिथं असते तर ताडपत्रीच्या खर्चात ती माती वाचली असती.

हवामानबदलाच्या संदर्भात आमच्या व्यवसायाबद्दल अलीकडे बरंच बोललं आणि लिहिलं जातं. त्याचा आढावा घेताना माझं मन पुन्हा पुन्हा या क्रमापाशी येतं. आधी इमारत ठरते, मग रस्ता, मग पार्किंग, मग अग्निशमनाच्या गाडीची वाट, आणि या सगळ्यातून जी जागा उरेल ती ‘लँडस्केप’. पाणी कुठे मुरेल, सावली कुठे पडेल, कुठलं झाड राहील हे सगळं तोवर ठरून गेलेलं असतं. उरलेल्या जागेत फार तर शोभा करता येते.

व्यवसायाची सुरुवात मात्र शोभेपासून झालेली नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमुळे प्रसिद्ध असलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी 1880च्या आसपास बॉस्टनमध्ये ‘बॅक बे फेन्स’चं काम केलं, तेव्हा प्रश्न सांडपाण्याचा, दुर्गंधीचा आणि पुराचा होता. त्यांनी तिथं भरती-ओहोटीला जागा देणारी दलदल आखली आणि लोकांना त्यात उद्यान दिसलं. 1969 मध्ये इयान मॅकहार्ग यांचं ‘डिझाइन विथ नेचर’ आलं. उतार, माती, पाणी, वनस्पती यांचे नकाशे एकावर एक ठेवा, आणि कुठे बांधायचं नाही हे जमिनीला आधी विचारा, ही त्यांची पद्धत आजच्या जीआयएस या संगणकीय नकाशा-प्रणालीच्या मुळाशी आहे. व्यवसायाचा जागतिक महासंघ 1948चा, भारतातली ‘इसोला’ ही संस्था 2003ची. महासंघानं 2021 मध्ये हवामानविषयक बांधिलकी जाहीर केली. अमेरिकेतल्या संघटनेनं पुढच्याच वर्षी कृती आराखडा काढला आणि 2040पर्यंत आपल्या कामांतलं उत्सर्जन शून्यावर आणायचं ठरवलं. या घोषणांचं मोल जमिनीवर काय उतरतं त्यावरच ठरणार, म्हणून आता जमिनीकडे येते.

सर्वांत मोठा विषय पाण्याचा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिनी तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून आखलेली होती. नव्या कामांत तो आकडा 50 धरला गेला. नळ दुप्पट मोठा केला तरी आकाश त्याच्या हिशेबानं चालत नाही. एक एकराचा, म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटरचा प्लॉट घ्या. त्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की दोन लाख लिटर पाणी होतं, दहा हजार लिटरचे वीस टँकर. प्लॉट पूर्ण फरसबंद असेल तर त्यातलं बहुतेक पाणी अर्ध्या तासात गटारात जातं आणि पुढच्या चौकात साचतं. तीच सोसायटी मार्चपासून टँकर विकत घेते. हे दोन खर्च एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिलेले मी फार क्वचित पाहिले आहेत.

कोपनहेगनमध्ये 2 जुलै 2011 रोजी दोन-तीन तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला आणि शहराचं अब्जावधींचं नुकसान झालं. मोठ्या नळांचा खर्च मांडल्यावर तिथल्या प्रशासनानं 2012 मध्ये ढगफुटीचा आराखडा केला. त्यात रस्ते, चौक आणि बागा हीच पुराची भांडी मानली आणि सुमारे तीनशे छोटी-मोठी कामं शहरभर विखुरली. एंगहावे पार्क ही त्यातली एक जुनी बाग. तिच्यात खोलगट मैदानं केली, कडेनं बुटकी भिंत फिरवली, आणि आता ती वेळ पडल्यास सुमारे 22,600 घनमीटर पाणी धरते. एरवी त्या खळग्यात मुलं चेंडू खेळतात. मुंबईतही हिंदमाता परिसरात साचणारं पाणी कमी करण्यासाठी पालिकेनं दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. दाट वस्तीत तातडीचा उपाय म्हणून त्या लागल्याच असत्या. पण दोन्ही शहरांची तुलना केली की एक फरक डोळ्यांत भरतो. आपण पाणी बागेच्या खाली लपवून पंपानं समुद्राकडे लोटलं, त्यांनी बागेलाच ते धरायला शिकवलं. आपल्याकडे बागेचा आराखडा आणि पाण्याचा आराखडा वेगवेगळ्या टेबलांवर होतो.

सिंगापूरचं बिशान पार्क हे मला या सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं. कल्लांग नदीचा तिथं 2.7 किलोमीटर लांबीचा सरळ काँक्रीट कालवा झाला होता. 2012 मध्ये काम पूर्ण झालं तेव्हा त्याची 3.2 किलोमीटरची वळणं घेणारी नदी झाली होती आणि काठ झाडाझुडपांच्या मुळांनी बांधलेले होते. आधी बाजूच्या एका नाल्यावर काठ बांधण्याच्या दहा पद्धती काही महिने करून पाहिल्या, टिकल्या त्याच नदीवर वापरल्या. फोडलेल्या काँक्रीटची बागेतच टेकडी केली. आपल्या निविदांमध्ये अशा ‘आधी करून पाहण्या’ला रकानाच नसतो.

चीनमधल्या, पाऊस शोषून धरणाऱ्या ‘स्पंज शहरां’ची कल्पना मांडणारे कोंगज्यान यू 2025च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलमधल्या विमान अपघातात गेले. लहानपणी शेतीत पाहिलेली तळी, बांध आणि पायऱ्यांची शेतं हाच त्यांच्या विचारांचा आधार होता, असं ते सांगत. 2015पासून चीनमध्ये निवडक शहरांत यावर मोठा खर्च झाला. त्यांतल्या चंग्चौ शहरात 20 जुलै 2021 रोजी एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला, भुयारी रेल्वेत माणसं बुडाली, आणि स्पंज फसला अशी टीका झाली. ती टीका मला अर्धी पटते. भिजणारी जमीन रोजचा आणि जोराचा पाऊस पेलते. दोनशे मिलिमीटरच्या तासासाठी मात्र पाण्याला मोकळी वाट, उंच जागी नेणारे रस्ते आणि वेळेवर वाजणारे भोंगेच लागतात. आमच्या व्यवसायानं एवढं तरी स्पष्ट सांगावं. झाडं लावली म्हणजे पूर येणार नाही, असं आश्वासन आम्ही कुणाला देऊ नये.

मोकळी वाट म्हणजे काय, ते पुण्याला आंबिल ओढ्यानं शिकवलं. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा शहराच्या पोटातून मुठेला मिळतो. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री तो असा आला की काठच्या वस्त्यांत भिंती कोसळल्या आणि वीसहून अधिक माणसं दगावली. या ओढ्याशी पुण्याचा व्यवहार जुना आहे. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं आणि कात्रजच्या तलावातून नळानं शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. पर्वतीच्या त्या तळ्यातल्या बेटावर गणपती बसला. तळं गेलं, सारसबाग झाली, पण लोक अजूनही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. सारसबागेच्या हिरवळीवर बसलेलं कुटुंब खरं तर तळ्याच्या तळाशी बसलेलं असतं. शहरातल्या अशा जागा शोधून, त्यांचा खोलगटपणा शिल्लक असेल तिथं पावसाळ्यापुरता तो पाण्याला परत देणं हे काम इतिहासकार, जलतज्ज्ञ आणि लँडस्केप आर्किटेक्ट यांनी एकत्र बसूनच होईल.

मुळा-मुठेच्या सुमारे 44 किलोमीटर काठाच्या सुधारणा प्रकल्पावर पुण्यात कडाक्याचा वाद झाला आहे. पात्र आवळलं जाईल, काठावरची जुनी झाडं जातील, आधी मैलापाणी थांबवा, असे आक्षेप आहेत. पूरपातळी वाढणार नाही, नागरिकांना नदीकाठ मिळेल, असं महापालिकेचं म्हणणं आहे. माझं मत मी लपवत नाही. वाळुंज, करंज, उंबर, अर्जुन आणि खाली शेरणी, लव्हाळा अशा उतरंडीनं बांधलेला काठ पाण्याचा वेगही धरतो आणि पाणी गाळतोही. दगडी बांधावरच्या कुंड्या यांतलं काहीच करत नाहीत. आमच्यातलेच काही जण असे काठ आखतात. ते वाईट हेतूनं आखत नाहीत, पण बांधाची रेघ दुसऱ्या कुणी आधी ओढून ठेवलेली असते आणि आम्ही तिच्या आत रंग भरतो.

खारफुटीचं उदाहरण याच्या उलट टोकाचं. मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्ये खारफुटीची तोड थांबवली आणि 2018च्या निकालात तिच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित धरला. 2012 मध्ये वन खात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. खारफुटी किनारा सावरते आणि चिखलात कार्बन साठवते. तिथं आमच्या कौशल्याला फारसं काम नाही. भरतीचं पाणी आत येण्याची वाट राडारोड्यानं बंद झाली असेल तर ती उघडावी, आणि बाहेर पडावं.

झाडांबद्दल लिहायचं तर आधी संख्येची भुरळ बाजूला ठेवावी लागते. महाराष्ट्राच्या 1975च्या वृक्ष कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं गेलं, आणि झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावीत असं ठरलं. हेतू उत्तम आहे. पण साठ वर्षांच्या वडाच्या जागी साठ रोपं लावली तर त्यांची सावली त्या बसथांब्यावर कधी पडणार? ती रोपं लागतात शहराबाहेर, बहुधा एखाद्या टेकडीवर. आणि टेकडीवर तरी काय लावतो आपण? दख्खनच्या पठारावरच्या पुष्कळ टेकड्या मुळात गवताळ आहेत. पावसाळ्यात गवत, रानफुलं, मधूनच हिवर, सालई, मेडशिंग असं त्यांचं रूप. त्यावर ग्लिरिसिडिया, म्हणजे गावाकडे जिला उंदीरमारी म्हणतात ती, दाटीनं लावली गेली. ती भराभर हिरवी झाली आणि खालचं गवत हटलं. गवताळ जमीन आपला कार्बन मुळांत आणि मातीत ठेवते, तो फोटोत दिसत नाही. पुण्यात समाविष्ट झालेल्या 23 गावांच्या आराखड्यात सुमारे 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. तिथं ‘वृक्षारोपण’ हा शब्दच जपून वापरला पाहिजे.

देशी-परदेशीचा वाद मी टोकाला नेत नाही. चिंच आफ्रिकेतून आली आणि तिच्याशिवाय आपलं सार होत नाही. परका वृक्ष इथल्या पाण्याला, पाखरांना आणि शेजारच्या झाडांना जगू देतो का, एवढं पाहावं. जोधपूरला मेहरानगडाच्या पायथ्याशी प्रदीप क्रिशन यांनी 2006पासून केलेलं राव जोधा उद्यान या बाबतीत धडा म्हणून पाहण्यासारखं आहे. सुमारे 70 हेक्टर खडकाळ जमीन वेडी बाभूळ व्यापून बसली होती. वरून तोडली की पुन्हा फुटायची. तेव्हा वालुकाश्म फोडणारे खंडवालिया कारागीर आणले. ते हातोडीनं खडक ठोकून आवाजावरून भेग ओळखत आणि छिन्नीनं मूळ उपसून काढत. त्याच खड्ड्यांत मग थरच्या वाळवंटातली खडकावर जगणारी झाडं लावली. खडकाचा आवाज ओळखणारा कान कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही, तो त्या कारागिराकडेच आहे.

उन्हाच्या काहिलीवर झाडाची सावली हा स्वस्तातला उपाय, हे सांगायला तज्ज्ञ नको. अडचण बुंध्यापाशी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2013 मध्ये झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. तरी आजही पदपथावर पेव्हर ब्लॉक खोडाला चिकटवलेले दिसतात. पेव्हर ब्लॉक उचलून पाहा: खाली कच, त्याखाली सिमेंटचा थर, त्याखाली दाबलेला मुरूम, आणि त्यात वरवर पसरलेली, हवा शोधणारी बारीक मुळं. असं झाड वळवाच्या वाऱ्यात पडलं की ‘कमकुवत झाड’ असा पंचनामा होतो. एका झाडाला नीट आळं आणि आत पालापाचोळा एवढं मिळालं तरी उन्हाळा वेगळा होतो.

आता आमच्या स्वतःच्या हातांकडे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, आणि आमच्या आराखड्यांत काँक्रीट भरपूर असतं. मार्ग, पायऱ्या, बसण्याचे कट्टे, कारंज्याची टाकी, सगळ्यांत ते येतं. अमेरिकेतल्या पामेला कॉनराड यांनी 2019 मध्ये ‘पाथफाइंडर’ हे हिशेबाचं साधन खुलं केलं. बांधताना किती कार्बन गेला आणि झाडं-माती तो किती वर्षांत परत घेतील, हे त्यातून दिसतं. बागेनं पाच वर्षांत आणि चौकासारख्या जागेनं वीस वर्षांत देणं फेडावं, असं त्यांनी सुचवलं आहे. असा हिशेब आपल्या मातीला, आपल्या झाडांना लागू होईल असा इथं तयार व्हायला हवा. तोवरही काही गोष्टींना साधन लागत नाही. सिमेंटऐवजी फोडीव बेसाल्ट मुरुमावर बसवता येतो. मोठ्या लॉनऐवजी सावलीतलं मोकळं अंगण करता येतं. उन्हाळ्यात लॉन चौरस मीटरला दिवसाला साधारण पाच लिटर पाणी पितं; हजार चौरस मीटरचं लॉन म्हणजे रोज पाच हजार लिटर. पुलाच्या खांबांवर टांगलेल्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांतल्या उभ्या बागा तर मला पाहवत नाहीत. त्यांना टँकर लागतो आणि दोन उन्हाळ्यांत त्या वाळून जातात.

पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागेबद्दल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2013 मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात सांगितलं, की नियमानं सोडायची मोकळी जागा जमिनीवरच हवी. परवानगीच्या कागदांत तिला ‘मदर अर्थ’ म्हणतात. सरकारी कागदावरचा हा शब्द मला मनापासून आवडतो, कारण त्यात झाडाच्या मुळाला खाली जायची वाट आहे आणि पाण्यालाही. तळघरातल्या पार्किंगच्या स्लॅबवर दीड फूट मातीत वड वाढत नाही.

आणि या सगळ्याला वाढवणारा माणूस म्हणजे माळी. कंत्राटात देखभाल बहुधा वर्षभराची असते, माळी रोजंदारीवर, आणि झाड रुजायला तीन-चार उन्हाळे लागतात. कोलंबियातल्या मेदेयीन शहरानं 2016पासून तीस हरित मार्ग केले, तेव्हा गरीब वस्त्यांतल्या 75 जणांना शहराचे माळी म्हणून शिकवून तयार केलं. तापमान दोन अंशांपर्यंत उतरल्याचं शहर सांगतं. तापमानाच्या आकड्याइतकंच मला त्या पंचाहत्तर पगारांचं महत्त्व वाटतं.

आमच्या शिक्षणाला आणखी एक मोठी शाळा इथंच आहे, आणि तिच्याकडे आम्ही पुरेसं पाहिलेलं नाही. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत, हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं केलेली चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, सलग समतल चर आणि दरवर्षी ग्रामसभेत मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद, ही अस्सल भूदृश्यरचना आहे. ती करणाऱ्यांत आमच्या व्यवसायाची माणसं जवळपास नव्हतीच. ‘माथा ते पायथा’ हा पाणलोटाचा नियम शहराच्या विकास आराखड्याला लावला तर आंबिल ओढ्याचं काम दांडेकर पुलापाशी सुरू होणार नाही, ते कात्रजच्या डोंगरापासून सुरू होईल. आपल्याकडे 1972च्या कायद्यानं आर्किटेक्टची नोंदणी होते, लँडस्केप आर्किटेक्टला वेगळी कायदेशीर ओळख नाही. ती मिळाली तर सल्ला कोणत्या टप्प्यावर घ्यायचा हे नियमात लिहिता येईल. मात्र महापालिकेला त्यासाठी थांबायची गरज नाही. बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत मातीचा, उताराचा आणि पाणी मुरण्याचा एक कागद मागितला तरी क्रम बदलू लागेल.

मुरण्याची चाचणी तर कुणालाही करता येते. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा करायचा, पाण्यानं भरून एकदा मुरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि घड्याळ लावायचं. मुरमात पाणी बघता बघता उतरतं. काळ्या मातीत ते संध्याकाळपर्यंत तसंच दिसतं. जेसीबी फिरलेल्या जागी मुरूमसुद्धा काळ्या मातीसारखा वागतो.

गेल्या वर्षी एका कामावर मला नकाशे काढण्याआधी बोलावलं. जागेवर असे सात खड्डे केले. सर्वांत लवकर पाणी मुरलं ते नेमकं तळघराचा रॅम्प आखायचं घाटत होतं तिथं. आर्किटेक्टनं रॅम्प दुसऱ्या बाजूला नेला. वरची माती उत्तरेच्या कुंपणालगत रचली आणि पाऊस लागताच तिच्यावर ताग पेरला. ऑगस्टमध्ये तो कमरेएवढा झाला, पिवळ्या फुलांनी भरला. पाया खोदणारे मजूर दुपारी त्याच्या आडोशाला डबे उघडत होते. माती अजून तिथंच आहे.